हिरव्या वेष्टनातल्या एकवीस बॅटऱ्या

दाजी मला कधी आवडले नाहीत आणि त्यांना मी. हे आधीच नोंदवलेलं बरं, कारण इथे जे सांगायचं आहे ते मी सांगतो आहे. त्यांची बाजू त्यांनी कधी कुणाला सांगितलेली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. त्यांचं घर जुन्या धुळ्यात, जिथे गल्ल्या नंबराने ओळखल्या जातात. पुढे रस्त्याला दुकान, मधे राहायच्या दोन खोल्या, आणि मागे बोळातून वेगळा दरवाजा असलेली पत्र्याची खोली. मी जळगावला एका दैनिकात उपसंपादक होतो. आमचं मूळ घर असोद्याला. आई तिथेच राहते.

दाजी टीव्ही दुरुस्त करायचे. जाड टीव्ही होते तोवर गल्लीत त्यांना मान होता. घरी आले की लोक खुर्ची पुसून द्यायचे. मग पातळ टीव्ही आले, आणि बिघडलेला टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा लोक नवा आणू लागले. दुकानात भंगार तेवढं साठत गेलं. एका खासगी क्लासने आपले जुने लॅपटॉप मोडीत काढले, तेव्हा दाजींनी पडद्यांसाठी ते पोत्यात भरून आणले. पडदे विकले गेले, बॅटऱ्या पडून राहिल्या. एका दुपारी अक्काने त्यातली एक पेचकसाने उघडली. आत बोटाएवढे सहा सेल होते. तिने एकेकाला मीटर लावला. दोन मेलेले होते, चार चांगले.

तिथून सुरुवात झाली. पाठीवरच्या फवारणी पंपात शिशाची बॅटरी असते. ती जड असते आणि दोन-तीन हंगामांत बसते. अक्काने बारा सेल जोडून त्याच जागेत बसेल अशी बॅटरी तयार केली. वजन निम्म्याहून कमी. गल्लीतल्या एकाने ती शेतावर नेली. दोन दिवसांनी त्याचा भाऊ मागायला आला. अक्का बारावीपर्यंत सायन्स शिकलेली. पुढचं ती मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि बोटं भाजून घेऊन शिकली. सुरतेहून आणि नाशिकहून भंगारवाले जुन्या बॅटऱ्यांची पोती पाठवू लागले. पिंपळनेरचा एक कृषी केंद्रवाला माल उचलू लागला. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. दाजी पुढे गिऱ्हाईक बघायचे आणि जोडणीचं काम करायचे. सेल तपासायचं काम अक्काकडे होतं.

हे तपासणं थोडं समजावून सांगायला हवं, कारण भांडण त्यावरच झालं. जुना सेल चार्ज केला की त्याच दिवशी मीटरवर चांगला दिसतो. आतून खराब झालेलाही चांगलाच दिसतो. फरक कळतो तो नुसतं ठेवून दिल्यावर. अक्का प्रत्येक सेल पूर्ण चार्ज करायची आणि पंधरा दिवस हात न लावता ठेवायची. पंधराव्या दिवशी पुन्हा मोजायची. आकडा टिकला तर पास, खाली आला तर बाद. बाद सेल बॅटरीत गेला तर तो शेजारच्या सेलना ओढतो, आणि चार्जिंगला लावल्यावर तापतो. इतकं साधं काम. पण त्यात घाई चालत नाही, आणि दुकानदारीत घाईशिवाय काही नसतं.

पंधरा दिवस सेल उभे ठेवायचे, एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, आणि कोणता कधी ठेवला हे लक्षात राहायला हवं. सेलवर मार्करने लिहिलं तर ते घामाच्या हाताने पुसलं जायचं. अक्काला उपाय सापडला तो बस स्टँडजवळच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर. पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे. एका ट्रेमध्ये तीस खळगे, खळग्यात एक सेल उभा, आणि खळग्याच्या काठावर तारीख आणि आकडा. पुठ्ठ्यावरचं लिहिलेलं पुसलं जात नाही. मागच्या खोलीत फळीवर असे पंधरा-वीस ट्रे ओळीने लागलेले असायचे. बाद सेलांचे ट्रे खालच्या फळीवर.

अक्काची सासू माळकरी. तिचं माहेर मुक्ताईनगरचं. ती अजून त्याला एदलाबादच म्हणते. मुक्ताबाईच्या दर्शनाला वर्षातून दोनदा जाते, कांदा-लसूणसुद्धा ठरावीक दिवशी वर्ज्य. पहिल्या दिवशी ट्रे पाहिले तेव्हाच तिने विचारलं होतं.

"हे कशाचे?"

"पुठ्ठ्याचे आहेत, आई."

"पुठ्ठा मलेबी दिसते. त्यात काय होतं ते विचारून राहिली."

अक्काने सांगितलं की गाडीवाल्याकडून रिकामे आणले, उन्हात वाळवले, आत काही नाही. सासू म्हणाली, "माह्या देव्हाऱ्याच्या अन् त्याच्या मधात एक भिंत आहे. भिंतीले कान असतात, नाक नसतं काय?" आणि निघून गेली. त्यावर पुढे दोन वर्षं कोणी काही बोललं नाही. अक्काला वाटलं, विषय संपला.

ही सगळी गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. अक्काही असोद्याला आली. दोन दिवसांसाठी आली होती. आईचे गुडघे दुखत होते म्हणून मी तिला आठ दिवस थांबवून घेतलं. दाजींचा फोन आला तेव्हा मीच उचलला.

"पत्रकारसाहेब, आमचं माणूस पाठवा. शेठचा माल अडलाय."

"येईल ना चार दिवसांनी. तुम्हाला जोडणी येते, तपासणी येत नाही का?"

हे मी टोमणा म्हणून बोललो. त्यांनी तो आव्हान म्हणून घेतला असावा. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही.

आमच्या भागात आखाजीला घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात. सासूला त्या दिवशी नवऱ्याच्या नावाची घागर भरायची होती, आणि त्याआधी घर धुऊन काढायचं होतं. सून घरात नव्हती. तिने फळीवरचे सगळे ट्रे घमेल्यांत रिकामे केले, वरच्या फळीवरचे आणि खालच्या फळीवरचेही. सेल नीट ठेवले, एकही फेकला नाही. ट्रे मात्र दुमडून सकाळच्या घंटागाडीत टाकले. मग फळी गोमूत्राने पुसली.

दाजी दुपारी खोलीत आले तेव्हा त्यांच्यासमोर सेलांनी भरलेली तीन घमेली होती. पास कोणते, बाद कोणते, अर्धे दिवस झालेले कोणते, हे सांगणारं काही उरलं नव्हतं. स्वतःच्या आईला ते काही बोलले की नाही ते मला माहीत नाही. बोलले नसावेत. माझ्याशी फोनवर बोलणं झाल्यावर त्यांनी सगळे सेल पुन्हा चार्ज केले, मीटर लावला, सगळ्यांचा आकडा चांगला दिसला. त्यांनी एकवीस बॅटऱ्या जोडल्या. नेहमीचं निळं वेष्टन संपलं होतं म्हणून हिरवं वापरलं. शेठची गाडी येऊन माल घेऊन गेली.

अक्का परतली तेव्हा फळीवर नवे प्लास्टिकचे ट्रे होते, रिकामे. पुठ्ठ्याचे ट्रे कुठे गेले हे तिला घरातल्या कुणी सांगितलं नाही. समोरच्या घरातली बाई म्हणाली, "तुमच्या सासूने घंटागाडीवाल्याला चांगलंच कामाला लावलं हो, एवढी अंडी कोण खातं म्हणून तो विचारत होता." अक्काने दाजींना विचारलं. दाजी म्हणाले, "मीटरने पास केलेत. मीटर खोटं बोलतो का?"

"मीटर आजचं बोलतो. मी पंधरा दिवसांचं विचारते आहे."

"तुझे पंधरा दिवस शेठला सांग."

तिने शेठला सांगितलं. फोन लावून सांगितलं की हिरव्या वेष्टनाचा माल परत पाठवा, मी बदलून देते. शेठ हसला. "वहिनी, माल गेला. पेरण्या तोंडावर आल्या, लोकं थांबतात का? आणि तुमच्याच माणसाने दिलाय ना?"

आषाढात दोन बॅटऱ्या परत आल्या. एक तासाभरातच बसायची, दुसरी चार्जच होत नव्हती. दाजींनी त्या शेठसमोर उघडल्या आणि म्हणाले, "तपासणी कच्ची आहे. मी किती वेळा सांगितलं." शेठने अक्काकडे पाहिलं. अक्का तेव्हा चहा घेऊन उभी होती. तिने कप खाली ठेवले आणि म्हणाली, "हे सेल मी तपासलेले नाहीत."

"मग कोणी तपासले?" शेठ म्हणाला.

दाजी सुटे सेल गोळा करू लागले. सासू आतल्या दारात होती. ती म्हणाली, "बाईमाणसाच्या हातचं काम आहे. चुकतं. मान्य करावं."

त्या दिवशी ठरलं की नाशिकहून एक टेक्निशियन आणायचा. अक्काने तपासणीचं टेबल सोडायचं. हे दाजींनी मला फोनवर सांगितलं, जणू घरातली चांगली बातमी असावी. "तुमच्या बहिणीला आता आराम." अक्काला मी विचारलं. तिचं उत्तर मला शब्दशः आठवतं, कारण ती बोलताना मागे सेल जोडणाऱ्या स्पॉट वेल्डिंगचा कट-कट आवाज चालूच होता. ती म्हणाली, "आराम नको. त्या एकवीस बॅटऱ्या हव्यात. त्यातले सेल पंधरा दिवस ठेवले तर कोणी काय केलं ते आपोआप दिसेल. आणि नाही मिळाल्या तर कुणाचं तरी घर पेटेल. परत आलेला माल आणि आग, दोन्ही माझ्याच नावावर जाणार."

तिच्यासाठी प्रश्न एवढाच होता: टेबल राहणार की जाणार. आणि ते राहायचं तर त्या बॅटऱ्या पिंपळनेरच्या आसपासच्या गावांतून परत यायला हव्या होत्या. शेठ यादी द्यायला तयार नव्हता.

श्रावणातल्या एका दुपारी, चारच्या सुमारास, साक्री तालुक्याच्या वार्ताहराची बातमी माझ्यासमोर आली. पिंपळनेरजवळच्या एका गावात पडवीत चार्जिंगला लावलेल्या फवारणी पंपाने पेट घेतला, खाटेची नवार आणि भिंतीला टेकवलेली रिकामी पोती जळाली, सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. मी सवयीने 'सुदैवाने' हा शब्द काढला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की ही बॅटरी जुन्या लॅपटॉपच्या सेलपासून बनवलेली, हिरव्या वेष्टनाची, आणि धुळ्याहून आलेली होती.

मी बातमी संपादकांकडे घेऊन गेलो आणि सांगितलं की हे माझ्या बहिणीचं दुकान आहे, मी या बातमीला हात लावणार नाही. संपादक वाचत असताना वर न बघता म्हणाले, "नातं आहे म्हणून बातमी लहान होणार नाही आणि मोठीही होणार नाही. बस."

मी अक्काला फोन केला. तिने सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा विचारलं की त्या घरात कोणाला भाजलं का. मग म्हणाली, "छाप."

"मी छापत नाही, ते छापतायत."

"मग त्यांना सांग, अर्धवट छापू नका. हिरव्या वेष्टनाची बॅटरी कुणाकडे असेल तर चार्जिंगला लावू नका, धुळ्याला या गल्लीत या दुकानात आणून द्या, बदलून मिळेल. दुकानाचं नाव टाका."

"अक्का, दुकानाचं नाव आलं तर दुकान बसेल."

"दुकान बसेल. आणखी घर पेटलं तर मी कायमची बसेन."

तासाभराने दाजींचाही फोन आला, आणि त्याच रात्री, बातमी छापायला जायच्या आत, ते स्वतः एसटीने जळगावला आले. पारोळा-एरंडोल करत अडीच तास बसून आलेला माणूस कार्यालयाच्या पायरीवर उभा होता. मी त्यांना आत बोलावलं नाही. हे चुकलं असेल. मी ते तसं लिहून ठेवतो.

"एवढी बातमी दाबा," ते म्हणाले. "तुमच्या हातात आहे."

"माझ्या हातात नाही."

"माझ्यासारख्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला सांगता की तुमच्या हातात काही नसतं? रोज शहाणपण छापता."

"ट्रे घंटागाडीत गेल्यावर तुम्ही शेठला एक फोन केला असता तर छापायला काही उरलं नसतं."

 दाजी म्हणाले, "आईने टाकले. मी काय आईला पोलिसात देऊ? बापाची घागर भरायची होती." आणि खाली उतरून गेले. त्यांच्या सगळ्या बोलण्यात एवढं एकच वाक्य मला खरं वाटलं. तरी मी त्यांना थांबवलं नाही.

बातमी दोन कॉलम आली, खाली चौकटीत अक्काचं आवाहन. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत त्रास सुरू झाला. शेजारच्या किराणावाल्याने महापालिकेत अर्ज दिला की वस्तीत बॉम्बचा कारखाना चालतो. कोणीतरी दुकानाच्या शटरवर खडूने पेटलेल्या काडीचं चित्र काढलं. शेठने फोनवर अक्काला ज्या शब्दांत सुनावलं ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. सासूने असोद्याला आमच्या आईला फोन केला: "तुमच्या पोरानं बहिणीचं घर पेपरात आणलं. आमच्याकडे पोरीले माहेरचा आधार असते, तुमच्याकडे असं असते काय?" आईने फोन ठेवला आणि माझ्याशी चार दिवस बोलली नाही. अक्काने टेबल सोडलं नव्हतं. नाशिकचा टेक्निशियन बातमी वाचल्यावर आलाच नाही.

पहिल्या आठवड्यात चार बॅटऱ्या दुकानात आल्या. बाकीच्यांसाठी अक्का आणि मी पिंपळनेरला गेलो. मी तीन दिवसांची रजा टाकली होती. शेठच्या दुकानातला हिशेब बघणारा माणूस शेठ बाहेर असताना यादी वाचून दाखवायला तयार झाला. त्याच्या चुलत्याच्या घरीही एक हिरवी बॅटरी होती. आम्ही एक जीप ठरवली.

गावोगावी स्वागत एकाच प्रकारचं झालं. पहिल्या गावात एका बाईने बॅटरी उकिरड्यावर फेकली होती. ती काठीने उकरून दिली आणि म्हणाली, "हाई तुमनी अवदसा तुमीच न्या." दुसऱ्या गावात पारावर बसलेल्यांनी, सगळं भंगार खेड्यांतच का म्हणून, जीपभोवती गोळा होऊन आम्हाला अर्धा तास उतरू दिलं नाही. एक जण म्हणाला, "भंगार बठ्ठा आम्हनाच गळामा का? धुळाना लोकेसले वापराले द्या ना."  प्रत्येकाला निळ्या वेष्टनाची बदली बॅटरी अक्का हातात द्यायची आणि जुनी मागायची. आधी द्यायची, मग मागायची. मी म्हटलं, उलट कर. ती म्हणाली, "उलट केलं तर देणार नाहीत."

तिसऱ्या गावात कापसाच्या शेताच्या बांधावर एक म्हातारा फवारणी करत होता. पाठीवर पंप, पंपात हिरवी बॅटरी. त्याला आम्ही आबा म्हणून हाक मारली.

"आबा, ती बॅटरी परत द्यायची आहे. खराब आहे."

"चालस ना."

"आज चालते. पुढे पेट घेईल."

"चालस ती बॅटरी मी कसाले देऊ?" त्याने नोझल बंदसुद्धा केलं नाही. औषधाचे तुषार आमच्या अंगावर येत होते.

"पेट घेतला तर?"

"पेट लिना ते तुमना नाव पेपरमा लिखेल शे ना. सोधी काढसू."

अक्का बांधावर बसली. ओळ संपवून तो परत येईपर्यंत बसली, मग आणखी एक ओळ. तिसऱ्या ओळीला तो थांबला, पंप उतरवला आणि म्हणाला, "तुले घर नही का वं, बाई?" अक्का त्याच्याच अहिराणीत म्हणाली, "शे. तठेच भांडण शे." तो पहिल्यांदा हसला आणि बॅटरी काढून दिली. त्या तीन दिवसांत कुणी हसल्याची ही एकच नोंद आहे.

ज्या घरात आग लागली तिथे आम्ही शेवटी गेलो. घरमालकाने आम्हाला पडवीतच उभं केलं. भिंत छतापर्यंत काळी झाली होती. तो म्हणाला, "हाई बॅटरी कोनी बनाई?"

दाजींचं नाव अक्काच्या ओठांवर आलं असेल. मी तिच्याकडे पाहत होतो. ती म्हणाली, "आमच्या दुकानात बनली. माझ्या टेबलावरून तपासून गेली नाही. ती जाऊ द्यायला नको होती."

"मंग गयी कशी?"

 तो पुढे बरंच बोलला. त्यातलं बहुतेक बरोबर होतं. अक्काने त्याला नवा पंप आणि खाट देण्याचं कबूल केलं आणि पुढच्या महिन्यात दोन्ही दिलं.

एकवीसपैकी एक जळाली होती. दोन आधीच परत आल्या होत्या, चार दुकानात आल्या, बारा आम्ही आणल्या. दोन सापडल्या नाहीत. त्या कुठे आहेत हे अजून माहीत नाही.

अठरा बॅटऱ्या, दाजींनी आधी उघडलेल्या दोन धरून, अक्काने दुकानात, भर दुपारी, सगळ्यांसमोर सुट्या केल्या. शेठला तिने बोलावलं होतं, तो भांडायला म्हणून आला. दाजी काउंटरमागे, सासू आतल्या दारात. अक्काने हिरवं वेष्टन कापलं, सेल सोडवले, एकेक चार्ज केला आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवला. खळग्याशी कागदाची चिठ्ठी चिकटवली. मागच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली शेठच्या हातात दिली.

"हे कशाला?" शेठ म्हणाला.

"पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवा. मी आत गेले असं कुणी म्हणायला नको."

दाजी म्हणाले, "घरच्या खोलीची किल्ली परक्याला?"

"घरच्यांकडे होती तेव्हा काय झालं ते बघितलं."

पंधरा दिवस मागचं काम बंद राहिलं. मी सोळाव्या दिवशी गेलो. शेठने कुलूप उघडलं. अक्काने मीटर त्याच्याच हातात दिला आणि त्याला मोजायला लावलं. पहिल्या ट्रेमध्ये चार सेलांचे आकडे खाली आले होते. दुसऱ्या ट्रेनंतर शेठने मोजणं थांबवलं. कुठलीही बॅटरी घेतली तरी एक किंवा दोन बाद सेल निघत होते. ते सगळे खालच्या फळीवरचे होते, हे आता कोणाला सांगावं लागत नव्हतं.

दाजी या सगळ्या वेळात खोलीत आले नाहीत. पुढे बसून एका रिमोटचं झाकण घासत होते. सासू मात्र आली. तिने ट्रेकडे, मीटरकडे आणि शेठकडे पाहिलं, आणि कोणी न विचारता म्हणाली, "मीच फेकले ते अंड्याचे. नवऱ्याची घागर अन् भिंतीपल्याड अंड्याचे ट्रे, मले घास गेला नसता. पुन्हा आणले तर पुन्हा फेकीन."

"मला सांगितलं असतं तर मीच फेकले असते," अक्का म्हणाली. "सेल मोजून ठेवले असते आणि मग फेकले असते."

"तू माहेरी होती."

"फोन होता."

"सणाच्या दिवशी सुनेले फोन करून विचारू काय, तुह्या अंड्याचं काय करू म्हणून?"

शेठ मधे पडला. "मावशी, झालं ते झालं." सासू त्याच्याकडे वळली. "तुह्यं काय झालं? माल विकून मोकळा झाला तू."  त्या खोलीत मला कोणाचं काही पटलं असेल तर ते हे वाक्य.

कोणी माफी मागितली नाही. अक्काने मागितलीही नसती आणि तिला ती नकोही होती. तिने एकच अट घातली आणि ती शेठसमोर घातली: तिने पास केल्याशिवाय मागच्या खोलीतून एक सेलही बाहेर जाणार नाही, आणि दाजींनी जोडलेली बॅटरी या दुकानाच्या नावाने विकली जाणार नाही. शेठने मान हलवली. दाजी पुढून म्हणाले, "मग मी काय करू, दुकानात देव्हारा मांडू?"

"काय करायचं ते करा. मागे येऊ नका."

दाजी मागे गेले नाहीत. महिन्याभरात त्यांनी पुढच्या दुकानात कंपनीच्या नव्या बॅटऱ्या ठेवायला सुरुवात केली, चकचकीत खोक्यांतल्या. अक्काने बोळातला दरवाजा उघडा ठेवून तिथे स्वतःची पाटी लावली. दोघं एकाच चुलीवरचं जेवतात. सासू दोघांना वाढते. जेवताना धंद्याचा विषय निघत नाही, आणि धंद्याशिवाय त्यांच्याकडे दुसरा विषय नाही, म्हणून जेवणं लवकर आटोपतात. मी दाजींशी सणावारी बोलतो. ते मला पत्रकारसाहेब म्हणतात. मी नोकरी सोडून वर्ष झालं हे त्यांना माहीत आहे.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा दाजी काउंटरवर होते. मी बाकावर बसलो. पिंपळनेरकडचा एक माणूस पाठीवर पंप घेऊन आला. दाजींनी त्याला खोक्यातली नवी बॅटरी दाखवली, वॉरंटीचं कार्ड दाखवलं. त्याने बॅटरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"हाई कंपनीनी शे का?"

"कंपनीचीच. सीलबंद."

"माले बाईनी पाहिजे."

दाजींनी खोकं बंद केलं, शेल्फवर ठेवलं, आणि पेचकसाने बोळाकडे दाखवलं. माणूस गेला. थोड्या वेळाने पत्र्याच्या खोलीतून अक्काचा आवाज आला. आज माल तयार नाही, पुढच्या बुधवारी या, असं ती त्याला सांगत होती. तो हुज्जत घालत होता. ती नाही म्हणत होती. दाजींनी एक रेडिओ उघडायला पुढ्यात घेतला आणि मागचं भांडण संपेपर्यंत त्यांनी एकही स्क्रू काढला नाही.